नाचणे रोडवरचं मासळीचं दुकान

माझं माहेर रत्नागिरीत समुद्राकाठची मांडवी. मासेवालीची पाटी आमच्या उंबऱ्याशीच उतरायची, आणि बांगड्याचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय आई भाव विचारायची नाही. नाचण्याला फ्लॅट घेतला आणि ते सुख संपलं. मासे हवे तर रिक्षा करून बाजारात उतरा, म्हणजे आठवड्यातून एकदाच.

1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. स्टेशन कुवारबावकडे, बंदरापासून लांब. मग रत्नागिरी मारुती मंदिर, साळवी स्टॉप करत वर सरकत गेली. कलमांच्या बागा होत्या तिथे इमारती उभ्या राहिल्या. आमचं नाचणे कागदोपत्री अजून ग्रामपंचायत, पण बँक, दवाखाना, क्लास सगळं पायाशी आलं. मासळी तेवढी आली नव्हती. गेल्या वर्षी आमच्या नाक्यावर हे दुकान उघडलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

एक शटर, कडाप्प्याचा ओटा, बर्फाच्या दोन पेट्या. चालवणारी बाई मिरकरवाड्याची, म्हणजे मासेमारी बंदरावरची. पहाटे लिलावातून माल उचलते आणि आठपर्यंत टेम्पोने वर येते. परवा बांगडे घेतले. कल्ले लालभडक, डोळे फुगीर, बोटाने दाबलं तर खळगा राहिला नाही. आईनेही घेतले असते. साफ करून देण्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि कोळंबीचा काळा दोरा न सांगता काढते. रविवारी मात्र दहानंतर जाऊ नका, उरलेली सुरमई तेवढी हाती लागते.

माझी तक्रार एकच होती, बारीक मासळीची. सौंदाळे का ठेवत नाहीस विचारलं, तर म्हणाली, "काकू, इथे घाटावरची माणसं जास्त. काटे नको म्हणतात, तुकडे मागतात." खरं आहे ते. आमच्या मजल्यावर चार घरं, त्यांत रत्नागिरीचं आमचं एकटंच. पण आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर आणते. गेल्या बुधवारी आणलेले सौंदाळे इतके ताजे होते की नुसतं तिरफळ घालून आमटी केली.

जून-जुलैत ट्रॉलर बंद, तेव्हा जुना बर्फातला माल ती विकत नाही, सुकं ठेवते. यासाठी तिला पूर्ण गुण. मुळे, म्हणजे खाडीतले शिंपले, मात्र अजून वर येत नाहीत. त्यांच्यासाठी मी भाट्याच्या खाडीकडे उतरते.