कृष्णविवराची एन्ट्रॉपी: लूप आणि स्ट्रिंग, आठ महिन्यांच्या वापरानंतर

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दोन्ही पद्धती आठ महिने राबवल्या. काम एकच: कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे त्याच्या शक्य सूक्ष्म स्थितींचं माप, काढायची. बेकेनस्टाइन-हॉकिंग सूत्रानुसार एन्ट्रॉपी म्हणजे क्षितिजाच्या (जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेच्या) क्षेत्रफळाचा पाव हिस्सा, प्लँकच्या अतिसूक्ष्म एककात. सूर्याइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराला हा आकडा भरतो साधारण १ वर ७७ शून्यं. पण त्यासाठी नेमक्या कोणत्या स्थिती मोजायच्या, यावर सूत्र गप्प.

लूप क्वांटम ग्रॅव्हिटी (अवकाश म्हणजे बारीक धाग्यांचं जाळं, असं मानणारा सिद्धांत) हाताला लवकर बसते. अवकाशाच्या जाळ्याचे धागे क्षितिजाला टोचतात. प्रत्येक धाग्यावर एक क्वांटम आकडा असतो, स्पिन; सगळ्यात लहान स्पिनच्या धाग्याला दोन स्थिती. हिशोब एका दुपारी वहीत उरकला. इमिर्झीचा गॅमा (सिद्धांतातला मोकळा सोडलेला आकडा) ०.१२७ ठेवला की पाव हिस्सा चोख. मेख त्या 'ठेवला की'मध्येच आहे. बाकीचे स्पिनही धरले (२००४ची दुरुस्ती) तर गॅमा ०.२३७, स्थिती जरा वेगळ्या धरल्या तर ०.२७४. मापात पाप नाही, पण माप आपणच ठरवायचं!

मग प्रोग्रॅम लिहून मोजलं, तर छोट्या क्षेत्रफळांना आलेख सरळ चढेना, पायऱ्या पडायला लागल्या. बग समजून आख्खा आठवडा घालवला. पुढे २००६च्या शोधनिबंधांत त्याच पायऱ्या छापलेल्या दिसल्या.

स्ट्रिंग थिअरीनं (कण म्हणजे थरथरत्या सूक्ष्म तारा, असं मानणारा सिद्धांत) आधी तीन महिने नुसतं रडवलं. पण १९९६चा स्ट्रॉमिंजर-वाफा हिशोब जमला तेव्हा पाव हिस्सा आपसूक आला, कुठलाही आकडा न पिळता. फक्त ते कृष्णविवर पाच मितींचं, विद्युतभारित, तापमान शून्य. शिवाय मोजणी होते गुरुत्व इतकं क्षीण धरून, की तिथं कृष्णविवरच नसतं. सुपरसिमेट्रीच्या (कणांच्या दोन जातींना जोडणाऱ्या सममितीच्या) भरवशावर तो आकडा तगड्या गुरुत्वाच्या, खऱ्या कृष्णविवराच्या बाजूला न्यायचा. तरी भौतिकशास्त्रज्ञ अतीश दाभोलकरांचं २००४चं काम पाहून थक्क झालो. तिथल्या स्थितींची संख्या २४, ३२४, ३२०० अशी वाढते, आणि गुरुत्वाच्या बाजूनंही तेच बेसेल फंक्शन (गणितातलं एक ठरावीक सूत्र) निघतं. स्वतः ताडून पाहिलं: ३२४च्या जागी बेसेलचं एकटं पहिलं पद ३२३.९९७ देतं.

(लूपकडे शिरपूरचे अभय अष्टेकर, स्ट्रिंगकडे गडहिंग्लजचे अतीश दाभोलकर. दोन्ही दुकानांच्या गल्ल्यावर मराठी माणूस, त्यामुळे पक्षपाताचा आरोप नको.)

सबमिशनच्या वेळी गाइडनी विचारलं, "सिग्नस एक्स-१ या आकाशातल्या खऱ्याखुऱ्या कृष्णविवरासाठी यातली कुठली वापरशील?"

"लूप, सर. गॅमा पदरचा घालून."