सोलापूरसाठी नगर वन की माळरान?
वन विभागाकडे कोणत्या योजनेचा आग्रह धरावा, असा प्रश्न येथील एका निसर्गमित्राला पडला आहे. २०२० च्या नगर वन (शहरी जंगल) योजनेत कॅम्पा निधीतून, म्हणजे वनजमीन इतर कामांसाठी दिल्याच्या भरपाईपोटी जमलेल्या पैशातून, हेक्टरी ४ लाख रुपये मिळतात आणि १० ते ५० हेक्टर वनजमीन पुरते. मात्र आपल्या कोरड्या हवेत उन्हाळी पाण्याचा खर्च आधीच धरावा लागतो. वन्यजीव अधिवासांच्या एकात्मिक विकास योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के भार उचलते, पण त्यासाठी वार्षिक कृती आराखडा काटेकोर करावा लागत असल्याने कष्ट अधिक पडतात. तरीही सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याला हाच निधी हवा, कारण माळढोक पक्ष्याला उघडे गवताळ माळरान लागते. तिथे दाट झाडी लावणे म्हणजे त्याचे घर मोडणे होय. शहरालगतच्या उजाड वनजमिनीवर लोकांना सावली हवी असेल, तर नगर वन घ्यावे.