वेष्टन परदेशी, पातं भलतंच: ब्लेडच्या दोन डब्यांत २,३६० रुपये गेले

रक्कम आधीच सांगतो. शंभर ब्लेडचे दोन डबे, एका डब्याचे १,१८० रुपये, एकूण २,३६०. त्याआधी त्याच दुकानातून पन्नास ब्लेडचा मिश्र संच ३५० रुपयांना घेतला होता. तो संच अस्सल निघाला, डबे मात्र नकली, आणि खरी गोम तिथेच आहे. दुकान सोलापूरच्या होलसेल बाजारातलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण नवी पेठेपासून मंगळवार बाजारापर्यंत कुठेही डबल एजची, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेली ब्लेडं घेणार असाल तर हे नीट वाचा.

सेफ्टी रेझरने दाढी करणाऱ्यांना हा खेळ ऐकून माहीत असतो. आधी थोडा अस्सल माल द्यायचा, गिऱ्हाईक खूश झालं की ठोक मालात हात मारायचा. "इतक्या स्वस्त वस्तूची नक्कल कोण कशाला करेल?" असं विचारणाऱ्यांनी हिशोब करून बघावा. सलूनला ठोकात मिळणारं साधं ब्लेड दोन रुपयांच्या आसपास पडतं. तेच परदेशी नावाच्या कागदात गुंडाळलं की पावणेबारा रुपयांना जातं. शंभराच्या एका डब्यामागे जवळपास हजार रुपये सुटतात, आणि तक्रार करायला कोणी येत नाही, कारण खराब ब्लेड लागलं की माणूस पहिला दोष स्वतःच्या हाताला देतो.

स्वस्त ब्लेड म्हणजे वाईट ब्लेड, असं माझं मुळीच म्हणणं नाही. टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन यांची आपल्याकडे मिळणारी साधी पाकिटं कित्येकांच्या गालाला महागड्या ब्लेडपेक्षा चांगली मानवतात. कुठलं ब्लेड कुणाला मानवेल हे दाढीचा केस, कातडी आणि रेझर यांवर ठरतं. म्हणून तर मिश्र संच घेऊन एकेक लावून बघायची पद्धत आहे. आम्हीही तेच केलं. जे ब्लेड मानवलं त्याचेच डबे आम्ही मित्रांनी वर्गणी काढून मागवले. यात उतावीळपणा काय झाला ते मला कोणीतरी दाखवून द्यावं. भावही संशय यावा इतका पडलेला नव्हता.

आता तो क्षण. डबा फोडला, त्यातलं पाकीट उघडलं, कागद उलगडला आणि ब्लेड सरळ घसरून तळहातावर आलं. बस्स, तिथेच कळायला हवं. चांगल्या बनावटीची बरीच ब्लेडं आतल्या मेणकागदाला मेणाच्या नाहीतर डिंकाच्या बारीक ठिपक्यांनी चिकटवलेली असतात. धार कागदाला घासू नये म्हणून ही सोय. कागद उलगडताना किंचित चिकट ओढ लागते आणि ब्लेडवर ते ठिपके उरतात. मिश्र संचातल्या त्याच नावाच्या ब्लेडवर ठिपके होते, या डब्यातल्या एकाही ब्लेडवर नव्हते. घडीही सैल, हाताने घातल्यासारखी. एका बाजूला कागद जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. दुसरी खूण तर त्याआधीपासूनच समोर होती. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं लेबल नव्हतं, नुसतं किंमत लिहिलेलं पांढरं स्टिकर. पण भर बाजारात, मागे हमाल ओरडत असताना, सीलबंद डब्याची पाठ वाचत कोण उभं राहतं? आणि दुकानदार काउंटरवर पाकीट फोडू देतो का? ही खूण गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू नये अशीच सगळी मांडणी असते, आणि मला चीड येते ती त्याचीच.

ब्लेड परत न्यायला गेलो तर उत्तर तयार होतं. "साहेब, माल एक नंबर आहे. तुमचं बोरचं पाणी जड आहे, फेस होत नसेल." हे उत्तर लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच माणूस गप्प बसतो. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, मध्ये बोरचं वापरावं लागतं, आणि ते खरोखर जड आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चोथा होतो, फेस विरळ पडतो, लगेच बसतो, आणि रेझर ओढल्यासारखा चालतो. म्हणून वाद घालण्याआधी पाण्याचा मुद्दा निकालात काढायचा. फिल्टरचं पाणी घ्या, ब्रश झटकून घ्या, साबण नेहमीपेक्षा जास्त घ्या, दह्याच्या कवडीसारखा दाट फेस होईपर्यंत पाणी थेंबाथेंबाने घाला. मग तोच रेझर, तोच फेस, तोच कोन. डाव्या गालावर खात्रीचं नवं ब्लेड, उजव्या गालावर संशयित. पहिला हात केसाच्या दिशेनेच. आमच्याकडे डावा गाल गुळगुळीत आणि उजव्या जबड्याखाली रक्ताचे बारीक ठिपके, असा निकाल लागला. दोन्ही गालांना पाणी एकच होतं. दुसऱ्या वेळी गालांची अदलाबदल करा, म्हणजे हात कच्चा असल्याची सबबही उरत नाही.

असं का होतं तेही समजून घ्या. चांगलं ब्लेड म्हणजे साधारण तेरा टक्के क्रोमियम असलेलं, पाणी देऊन कडक केलेलं स्टेनलेस पोलाद, जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर. धार टप्प्याटप्प्याने घासतात, शेवटी पॉलिश करतात, त्यावर क्रोमियम किंवा प्लॅटिनमसारख्या धातूचा अतिशय पातळ थर आणि त्यावर नॉनस्टिक तव्यावर असतो तोच पदार्थ, म्हणजे पीटीएफई, फवारून भट्टीत भाजतात. हा थर केस कापताना लागणारी ओढ कमी करतो. कोटिंग केलेली स्टेनलेस ब्लेडं विल्किन्सनने १९६२ च्या सुमारास बाजारात आणली आणि तेव्हापासून गंजणारी जुनी पाती मागे पडली. नकली मालात पहिली काटछाट होते ती शेवटच्या घासणीत आणि कोटिंगमध्ये, कारण डोळ्यांना ती दिसत नाही. दिसतं ते फक्त कागदावर छापलेलं 'प्लॅटिनम'.

पण शोधलं तर दिसतं. चादरी-टॉवेलच्या धंद्यात कापडातले धागे मोजायचं छोटं घडीचं भिंग असतं, ते सोलापुरात कुणाकडेही मिळेल. त्याखाली ब्लेड तिरकं धरून उजेड धारेवर घ्या. खात्रीच्या ब्लेडची धार एकसलग रेघ दिसली. या ब्लेडवर जागोजागी तुटलेले दाते, आणि एका कडेला घासताना उरलेली कीस चमकत होती. हीच कीस पहिल्या ओढीला गाल ओरबाडते. "दोन दाढ्यांनी मऊ पडेल" म्हणतात ते हिच्यामुळेच: कीस झडते, आणि सोबत धारही बसते. कारखान्यात साचे दुरुस्त करणाऱ्या मित्राच्या जाडी मोजायच्या मायक्रोमीटरवर एकाच डब्यातली काही ब्लेडं ०.१० मिलिमीटर भरली, काही ०.०८. म्हणजे माल एका ठिकाणचाही नाही, जमेल तिथून गोळा केलेला. पातळ ब्लेड रेझरच्या टोपीखाली लवतं आणि केसावर थरथरतं. आणखी एक तपासणी: ब्लेड लावून रेझर आवळल्यावर टोपीच्या दोन्ही बाजूंनी धार सारखीच बाहेर आली पाहिजे. ब्लेड उलटं फिरवून पुन्हा लावा. कमी-जास्तपणा ब्लेडबरोबर बाजू बदलत असेल तर दोष ब्लेडच्या छिद्रात आहे, रेझरमध्ये नाही.

लोहचुंबकाची चाचणी कुणी सांगितली तर ऐकू नका. ब्लेडचं स्टेनलेस पोलाद चुंबकाला चिकटतंच, अस्सलही आणि नकलीही. बारकोडचे पहिले आकडे बघून देश ठरवण्यातही अर्थ नाही. तो नंबर कुठे नोंदला एवढंच त्यातून कळतं, माल कुठे बनला ते नाही. त्यापेक्षा मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून ब्लेड रात्रभर त्यावर ठेवा. आमच्या डब्यातली काही सकाळी तपकिरी झाली होती. शेजारी ठेवलेलं खात्रीचं ब्लेड जसंच्या तसं.

एवढा पुरावा हातात घेऊन निघालो आणि खरा मनस्ताप तिथून सुरू झाला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "किती रुपये?" आकडा ऐकला आणि समोरच्याने पेन खाली ठेवलं. रक्कम लहान असली तर फसवणूक लहान होते का? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, तिथे रकमेची किमान अट लिहिलेली नाही. मग म्हणाले, नकली मालाची तक्रार कंपनीने करायची असते. ट्रेडमार्क कायदा १९९९ मध्ये जप्तीसाठी उपअधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी लागतो आणि आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं, हे खरं आहे. पण ते जप्तीचं झालं. माझा अर्ज घेऊन त्यावर पोच द्यायला रजिस्ट्रार कशाला हवा? कंपनीला फोटो पाठवले. ईमेल आला, "हा माल आमचा वाटत नाही." हेच लेटरहेडवर द्या म्हटलं तर उत्तर, "आधी पोलिसांत जा." पोलीस म्हणतात कंपनीचं पत्र आणा, कंपनी म्हणते पोलिसांचा कागद आणा. मधल्या मध्ये गिऱ्हाइकाने रजा टाकून उन्हात चकरा मारायच्या.

आणखी एका सरकारी कार्यालयात तर विचारलं, "डब्यात शंभर आहेत ना? मग तक्रार काय?" शंभर आहेत हो, पण कुणाची आहेत? पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क असायलाच हवा. यातलं निम्मंही त्या डब्यावर नव्हतं. मी डबा टेबलावर ठेवला, कोणी उचलून पाठ वाचायची तसदी घेतली नाही. दुसऱ्या खिडकीवर जा, साहेब दौऱ्यावर आहेत, अर्ज मराठीत टाइप करून आणा, सोबत पक्कं बिल जोडा. पक्कं बिल मिळत असतं तर ही वेळ आली असती का? होलसेल बाजारात मागितलं तरी कच्ची चिठ्ठीच हातात ठेवतात, हे त्या टेबलांमागे बसणाऱ्यांना माहीत नाही असं मी मानूच शकत नाही. असलीच दुकानं उघडी ठेवून गिऱ्हाइकाकडे कागद मागायचे, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

कच्ची चिठ्ठी असली तरी यूपीआयने पैसे दिले असतील तर तो व्यवहार पुरावा म्हणून चालतो. पैसे देताना शेऱ्यात 'शंभर ब्लेड, दोन डबे' असं लिहा आणि ब्रँडचं नावही घाला. पैसे दुकानाच्या नावावर न जाता भलत्याच माणसाच्या नावावर जात असतील तर तिथेच थांबा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. ती हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, तडजोडीसाठी पाठपुरावा करते; पण नोंद पुढे उपयोगी पडते. खरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑनलाइन अर्ज ई-जागृती पोर्टलवर होतो. आम्ही तो केला आहे. दुकानदाराने मध्यंतरी निम्मे पैसे देऊ केले, अट एकच, डबे परत द्या. दिले नाहीत. डबे गेले की पुरावा गेला. तुम्हालाही अशी तडजोड सुचवली जाईल, तेव्हा फोडलेली पाकिटं आणि निदान दहा सीलबंद पाकिटं स्वतःकडेच ठेवा. माल तपासणीसाठी पाठवायचा आदेश झाला तर सीलबंद नग हाताशी असलेले बरे.

ऑनलाइन मागवत असाल तर डबा फोडण्याचा व्हिडिओ एका दमात, मध्ये न थांबवता काढा, पहिलं ब्लेड कागदातून निघेपर्यंत. दुकानातून घेत असाल तर आधी पाचचं एकच पाकीट घ्या, आणि तेही तुम्ही घेणार आहात त्याच डब्यातलं, नमुन्याच्या ट्रेमधलं नाही. डब्यावर आयातदाराचं लेबल नसेल तर भाव काहीही असो, परत ठेवा.

आणि सलूनमध्ये जाणाऱ्यांनीही सावध राहा. तिथे हेच डबल एजचं ब्लेड मधोमध मोडून अर्धं उस्तऱ्यात लावतात. हे डबे सलूनवाल्यांनाही खपवले जातात. उरलेली ब्लेडं मला पंचवीस पैशांच्या भावाने द्या, असं एकाने स्वतः सांगून पाहिलं. ब्लेड तुमच्या समोर कागदातून काढायला सांगा, आणि काढताना ते कागदाला चिकटलेलं आहे का, तेवढं बघा.