गिरिराजची महिन्याची पिल्ले: एका संगोपन केंद्राचा अनुभव

परसात पंधरा-वीस कोंबड्या पाळण्याची सुरुवात करणाऱ्या कुटुंबाने एक दिवसाची पिल्ले न आणता महिनाभर वाढवलेली आणि लसीकरण झालेली पिल्ले आणावीत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. चिपळूण तालुक्यातील आमच्या घरी दोन्ही प्रकार करून झाले आहेत. गेल्या ऑक्टोबरात आम्ही एका संगोपन केंद्रातून गिरिराज जातीची महिन्याची वीस पिल्ले आणली, त्या केंद्राच्या सेवेविषयी, तिच्यातल्या उणिवांसह, येथे लिहीत आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण अशी केंद्रे अनेक ठिकाणी आहेत आणि जे पाहून घ्यायचे ते सगळीकडे सारखेच आहे.

त्याआधीच्या जुलैत आम्ही 30 रुपयांना एक याप्रमाणे एक दिवसाची पंचवीस पिल्ले आणली होती. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची असते. पुठ्ठ्याचा गोल आडोसा, खाली भाताचे तूस आणि वर 100 वॉटचा दिवा एवढी तयारी आम्ही केली होती. पिल्ले दिव्याखाली गठ्ठा करून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे आणि कडेला पांगली तर उकडते आहे, हे आम्ही शिकलो होतो. मात्र कोकणातल्या जुलैत रात्री वीज जाते, हे ठाऊक असूनही आम्ही त्याची तजवीज केली नव्हती. तिसऱ्या रात्री चार तास वीज नव्हती आणि सकाळी सात पिल्ले एकमेकांखाली चेंगरून मेलेली सापडली. माझ्या मुलीने ती एकेक उचलून पाटीत ठेवली. त्यानंतरचे दोन दिवस ती शाळेतून आल्यावर थेट आडोशाजवळ जाऊन बसत असे. पुढे ओलसर तुसामुळे रक्ती हगवण आली आणि उरलेल्यांपैकी बरीच मानमोडी या साथीच्या रोगाने गेली. दिवाळीपर्यंत सहा राहिली.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, लसीने टळते, हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. अडचण वेगळीच होती. पहिल्या आठवड्यात लासोटा (राणीखेतची लस), चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा असा साधारण क्रम असतो. या लसींची लहानात लहान कुपीसुद्धा बहुधा शंभर मात्रांची येते, ती दुकानापासून घरापर्यंत बर्फातून आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी तीनदा कुपी फोडायची आणि प्रत्येक वेळी ऐंशी मात्रा टाकून द्यायच्या, हे कोणत्याही घराला पेलणारे नाही, आणि म्हणूनच बहुतेक घरांत लस राहून जाते. महिनाभर पिल्ले सांभाळून देणाऱ्या केंद्राचा खरा उपयोग येथे आहे. त्यांच्याकडे एका वेळी पाचशे पिल्ले असल्याने कुपी वाया जात नाही आणि काम वेळेवर होते.

केंद्र चालवणाऱ्या ताईंनी पिल्ले देण्याआधी आम्हाला शेडमध्ये नेले, ही गोष्ट मला सर्वांत आवडली. तूस कोरडे होते आणि डोळ्यांना झोंबणारा वास अजिबात नव्हता. त्याच दिवशी दुसऱ्या तुकडीला लासोटा देण्याचे काम चालू होते. एक बाई पिल्लू मुठीत धरून त्याचे डोके किंचित तिरके करत होती, डोळ्यात एकच थेंब सोडत होती आणि पिल्लू डोळा मिटून उघडेपर्यंत थांबून मगच त्याला खाली ठेवत होती. थेंब ओघळला तर मात्रा वाया जाते, म्हणून हे थांबणे महत्त्वाचे असते. घाई न करता शेकडो पिल्लांना असे करणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवावा, असे मला तेव्हाच वाटले. पिल्लांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी हाताला भरलेली लागते का, पार्श्वभाग कोरडा आहे का आणि पाय चमकदार आहेत का, हे त्यांनी आम्हालाच तपासायला लावले. 110 रुपयांना एक पिल्लू पडले. पहिल्या वेळेपेक्षा ही रक्कम जवळजवळ चौपट असली तरी वीसपैकी एकोणीस पिल्ले जगली, त्यामुळे मला ती महाग वाटत नाही.

आता उणिवा. वीसपैकी सहा पिल्लांच्या चोची कापलेल्या होत्या. बंदिस्त शेडमध्ये पिल्ले एकमेकांना टोचू नयेत म्हणून तसे करतात, पण परसात मोकळ्या सोडायच्या कोंबडीला किडे, गवताचे बी आणि वाळवी वेचायला टोकदार चोच लागते. ही सहा पिल्ले उकिरड्यावर इतरांच्या मागे पडत राहिली आणि वजनातही मागे राहिली. हे आम्हाला आधी सांगायला हवे होते. दुसरी उणीव पिल्लांसोबत मिळालेल्या लसीकरणाच्या कार्डाची. त्यावर ‘लसीकरण पूर्ण’ असा शिक्का होता, प्रत्यक्षात सहाव्या आठवड्याची देवीची लस आणि आठव्या आठवड्याचे आर-टू-बी (राणीखेतचीच पुढची लस) ही दोन्ही बाकी होती. ती आमच्याकडून राहून गेली असती, परंतु पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी कार्ड वाचून लगेच सांगितले. आमच्या वाडीतील नऊ घरांच्या कोंबड्या डालग्यांतून एकाच सकाळी गोळा करून आम्ही दोन्ही लसी करून घेतल्या. नवशिक्या कुटुंबाला ‘पूर्ण’ हा शब्द फसवतो, म्हणून केंद्राने तो बदलावा, असे मी ताईंना सांगून आले आहे.

गिरिराज ही बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात विकसित झालेली जात आहे. ती परसातल्या खाण्यावर चांगली वाढते आणि वर्षाला 130 ते 150 अंडी देऊ शकते, तर गावठी कोंबडी साधारण साठ देते. मात्र ती अंगाने जड असते, तिला नीट उडता येत नाही आणि ती सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. अंडी जमवून घरचीच पिल्ले काढण्याचा विचार असेल तर हे आधी ध्यानात घ्यावे. शिवाय जात संकरित असल्यामुळे पुढच्या पिढीत तेच गुण तसेच उतरत नाहीत. माझ्या सासूबाईंनी आपली एक गावठी कोंबडी मुद्दाम ठेवली आहे. ती बसली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवतात, एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात आणि तिला ना दिवा लागतो ना वीज.

केंद्राने खुराड्याविषयी दिलेला सल्ला अपुरा होता. त्यांनी षटकोनी छिद्रांची साधी कोंबडी जाळी सुचवली आणि आम्ही ती लावलीही. जानेवारीत मुंगूस तिच्या खालच्या कडेची फट रुंदावून आत शिरले आणि एकदम दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) मारून गेले; मानेवर चावा होता आणि बाकी अंगाला धक्काही नव्हता. आता खुराडा चिऱ्याच्या जोत्यावर तीन फूट उंच घेतला आहे, अर्ध्या इंचाच्या छिद्रांच्या वेल्डमेश जाळीने मढवला आहे आणि पक्ष्यामागे दोन चौरस फूट जागा धरली आहे. पिल्ले आणण्यापूर्वी खुराडा तयार असावा आणि त्यावर पिल्लांहून अधिक खर्च होतो हे गृहीत धरावे.

नर-मादी निवडून मिळत नाहीत, हेही ओघाने सांगते. आमच्या एकोणीसमध्ये आठ नर निघाले. त्यातला एक ठेवून बाकीचे वाडीतच विकले आणि खाद्याचा बराच खर्च त्यातून निघाला. मार्चअखेरीस पहिले अंडे मिळाले. ते फिक्या तपकिरी रंगाचे आणि लिंबाएवढे होते. हल्ली नऊ माद्यांकडून दिवसाला चार-पाच अंडी येतात. सुरुवातीला काही अंड्यांचे कवच इतके पातळ होते की बोटाने दबे. घरी तिसऱ्यांचे कालवण झाले की शिंपले टाकून न देता उन्हात वाळवून, कुटून, वेगळ्या वाडग्यात ठेवण्याची पद्धत सासूबाईंनी घालून दिली, तेव्हापासून ती तक्रार नाही. मुलांनी अंडी गोळा करायची, वहीत आकडा लिहायचा आणि साबणाने हात धुऊनच घरात यायचे, एवढे तीन नियम आहेत.

पाचपैकी चार गुण मी या केंद्राला देईन. पुढच्या ऑक्टोबरासाठी दहा पिल्लांची नोंदणी आम्ही केली असून, ‘चोची न कापलेली’ एवढे शब्द ताईंनी माझ्यासमोर वहीत लिहून घेतले आहेत.