डीव्हीडीस्टायलर: अटकणाऱ्या डीव्हीडीवर कितपत कामाचं?

गडचिरोलीतल्या वडशाकडच्या झाडीपट्टी नाटकाचं शूटिंग असो की तालुक्याच्या गावातलं लग्न, घरची वडीलधारी माणसं अजूनही डीव्हीडी मागतात. छोट्या स्टुडिओसाठी डीव्हीडीस्टायलर हे फुकट सॉफ्टवेअर त्या कामाला चांगलं आहे. विंडोज आणि लिनक्सवर चालतं, एमपी४ फाइल सरळ घेतं, मेनू बनवून देतं, वर वॉटरमार्क टाकत नाही. तरी "कॉम्प्युटरवर नीट चालते, टीव्हीवर अटकते" ही तक्रार यातून निघालेल्या डिस्कचीही येते. डिस्कच्या कंपनीला दोष देण्याआधी थोडी तपासणी करा.

बर्नच्या खिडकीत सरळ बर्न न करता 'जस्ट जनरेट' निवडा. तयार झालेलं फोल्डर कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावून पाहा. तिथेच अटकत असेल तर गडबड कन्व्हर्जनमध्ये, म्हणजे फाइल डीव्हीडीच्या रूपात बदलताना, झाली आहे, कितीही डिस्क बदलल्या तरी फरक पडणार नाही. इथे सुरळीत चाललं आणि टीव्हीच्या प्लेअरवर नेमक्या झगमगाटाच्या दृश्यांना अटकलं, तर बिटरेटवर (दर सेकंदाला वाचावा लागणारा डेटा) संशय घ्या. शेवटची काही मिनिटंच अटकत असतील तर दोष राइटिंगचा, कारण डिस्क आतून बाहेरच्या काठाकडे लिहिली जाते आणि काठालाच चुका जास्त होतात.

सगळ्यात जास्त त्रास मोबाइलच्या शूटिंगचा. मोबाइल सेकंदाला साधारण 30 फ्रेमने (चित्रांनी) रेकॉर्ड करतो, तेही कमीजास्त वेगाने. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट मोडपुढे 'व्हेरिएबल' दिसतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' पद्धतीची डीव्हीडी 25 फ्रेमची. म्हणजे दर सहावी फ्रेम गळणार, आणि मांडवावरून कॅमेरा फिरला की चित्र टकटक उड्या मारणार. डीव्हीडीस्टायलर याबद्दल काहीच सांगत नाही, ही त्याची मोठी उणीव. उपाय असा: फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा. फ्रेमरेट 29.97, खाली 'कॉन्स्टंट', क्वालिटीची आरएफ पट्टी 18 वर. मग डीव्हीडीस्टायलरच्या नव्या प्रोजेक्टमध्ये पालऐवजी एनटीएससी (29.97 फ्रेमची पद्धत) निवडा. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात, तरी गिऱ्हाइकाच्या प्लेअरवर एक डिस्क लावून खात्री करून घ्या. कॅमेऱ्याचं 25 किंवा 50 फ्रेमचं शूटिंग असेल तर मात्र पालच ठेवा. दोन्ही मिसळलेलं असेल तर ज्याचा भाग जास्त त्याप्रमाणे ठरवा. पुढच्या ऑर्डरला मोबाइलवाल्या पोरालाही शूटिंगआधीच 25 वर सेटिंग करायला सांगा, म्हणजे हा खटाटोपच नको.

नाचणाऱ्यांचे हात पुढे-मागे थरथरताना दिसले तर ती फील्ड ऑर्डरची चूक. अशा व्हिडिओत प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, म्हणजे फील्डमध्ये, असते; आधी कोणती दाखवायची तो हा क्रम. एचडी कॅमेऱ्याच्या 50आय (सेकंदाला 50 फील्डच्या) फाइलला वरची फील्ड आधी लागते, जुन्या डीव्ही टेपला खालची.

आता बिटरेट. डीव्हीडीत व्हिडिओला कमाल 9.8 एमबीपीएसची परवानगी आहे, पण घरी राइट केलेली डिस्क जुना प्लेअर त्या वेगाने वाचायला धापा टाकतो. वरातीतले डीजेचे लाइट, धूर, उडणारे कागद असं दृश्य आलं की बिटरेट एकदम उसळतो आणि नेमकं तिथेच चित्र थिजतं. डीव्हीडीस्टायलरमधलं 'ऑटो' सेटिंग डिस्कमधली जागा पाहून आकडा ठरवतं, त्यामुळे छोट्या फाइलला तो वर जातो. स्वतः ठरवा: तासाभराला 7, दोन तासांना 4.8, तीन तासांना 3.2 एमबीपीएस. 4.7 जीबीच्या डिस्कवर याहून जास्त कोंबू नका. चार-पाच तासांचं नाटक अंकांच्या मध्ये तोडून दोन डिस्कवर द्या. ऑडिओ एसी३ या दाबलेल्या प्रकारात, 192 केबीपीएस पुरे. पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, ठेवलात तर एकटा आवाजच दीड एमबीपीएस खातो.

राइटिंगला इमेजबर्न हे सॉफ्टवेअर उत्तम. इन्स्टॉल करताना सोबत येणाऱ्या जादा प्रोग्रामची टिक काढा. डीव्हीडीस्टायलरमधून आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवून घ्या, नंतर इमेजबर्नमधून 4एक्स वेगाला राइट करा, लिहिलेलं परत तपासणारं 'व्हेरिफाय' चालू ठेवून. कन्व्हर्जन आणि राइटिंग एकत्र चालवून जुन्या कॉम्प्युटरचा दम काढू नका. लाइट जाण्याच्या वेळा ठाऊक असतील तर हे काम इन्व्हर्टरवर किंवा चार्ज असलेल्या लॅपटॉपवर करा, कारण मध्येच बंद पडलेली डीव्हीडी-आर परत वापरता येत नाही. डिस्क डीव्हीडी-आर घ्या. जुने प्लेअर डीव्हीडी प्लस-आर या दुसऱ्या प्रकारावर कुरकुर करतात.

आणि नवरदेव-नवरीचा फोटो छापलेलं कागदी स्टिकर डिस्कवर चिकटवू नका. ते जरा एका बाजूला सरकलं की डिस्कचा तोल जातो. उन्हाळ्यात त्याचा गोंदही सैल होतो, आणि चांगली लिहिलेली डिस्कसुद्धा शेवटाकडे अटकू लागते. फोटो हवाच असेल तर प्रिंटेबल डिस्क घ्या.

एवढं करूनही एकाच घरी अटकत असेल तर तिथे दुकानातून विकत घेतलेली छापील डीव्हीडी लावून पाहा. तीही अटकली तर बहुधा प्लेअरची लेन्स धुळीने भरली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच डिस्क टाका.