सर्व्हरचे लॉग: जर्नल बरा की साध्या फायली?

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या बऱ्याच छोट्या कारखान्यांत बिलिंगचा किंवा ईआरपीचा (कारखान्याचा सगळा हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) लिनक्स सर्व्हर कोपऱ्यात चालू असतो आणि त्याच्याकडे बघायला पूर्णवेळ माणूस नसतो. अशा ठिकाणी लॉग, म्हणजे सर्व्हरने काय काय घडलं त्याच्या केलेल्या नोंदी, कुठे बघायचे हे आधीच ठरवलेलं बरं. एक पर्याय सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचा) जर्नल, जो जर्नलसीटीएल कमांडने वाचतात. दुसरा म्हणजे आरसिसलॉग या नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फायली. त्या लेस (पानापानाने वाचणं), टेल (शेवटच्या ओळी) आणि ग्रेप (शब्द शोधणं) या कमांडने चाळायच्या.

गाळण्यात जर्नल सरळ पुढे आहे. प्रत्येक नोंदीबरोबर सेवेचं नाव, प्रोसेस क्रमांक, गांभीर्याची पातळी हे सगळं वेगवेगळं साठवलेलं असतं. त्यामुळे ‘डेटाबेसच्या, काल संध्याकाळी सहानंतरच्या, फक्त एरर किंवा त्याहून गंभीर नोंदी’ एका कमांडमध्ये मिळतात. पातळ्या 0 ते 7. 0 सगळ्यांत गंभीर, एरर 3. ग्रेप फक्त अक्षरं जुळवतं. ‘एरर’ शब्दच नसलेली गंभीर ओळ त्याच्या हातून सुटते आणि ‘0 एरर’ सांगणारी निरुपद्रवी ओळ मात्र नेमकी सापडते. शिवाय जुन्या धाटणीच्या सिसलॉग ओळीत साल नसतं, आणि मागच्या आठवड्यांच्या फायली लॉगरोटेट या प्रोग्रॅमने जीझिप करून (दाबून) ठेवलेल्या असतात. तिथे झेडग्रेप, म्हणजे दाबलेल्या फायलींतही शोधणारं ग्रेप लागतं.

आता विजेचं. वीज गेली, यूपीएसही संपला, सर्व्हर परत उठला. मग बंद पडण्याआधी काय झालं? जर्नलला ‘-बी -1’ सांगितलं की थेट मागच्या बूटच्या, म्हणजे सर्व्हर त्याआधी चालू झाला तेव्हापासून बंद पडेपर्यंतच्या नोंदी समोर येतात. साध्या फायलीत ती सीमा डोळ्यांनी शोधावी लागते. पण इथेच जर्नलची मेखही आहे. क्रिटिकल (पातळी 2) आणि त्याहून गंभीर नोंदी तो लगेच डिस्कवर पक्क्या करतो, बाकीच्यांसाठी मूळ सेटिंग 5 मिनिटांचं. म्हणजे अचानक अंधार झाला तर नेमकी शेवटची मिनिटं जाऊ शकतात. हा वेळ, म्हणजे सिंक इंटरव्हल, कमी करा, डिस्कवर थोडा ताण वाढेल एवढंच. साध्या फायलीचंही शेपूट तुटू शकतं, पण उरलेलं कुठल्याही यंत्रावर उघडतं, अगदी विंडोजच्या नोटपॅडमध्येसुद्धा. जर्नलची फाइल बायनरी. ती वाचायला दुसरं लिनक्स यंत्र हवं.

जागेची चिंता फारशी नको: जर्नल मूळ सेटिंगप्रमाणे फाइलसिस्टमच्या 10 टक्क्यांपर्यंत वाढतो, तेही जास्तीत जास्त 4 जीबी. मात्र व्हार-लॉगमध्ये (लॉगच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये) ‘जर्नल’ नावाचा फोल्डर आहे ना, ते आजच बघा. साठवणीचं सेटिंग ‘ऑटो’ असेल (बऱ्याच ठिकाणी मूळ तेच असतं) आणि तो फोल्डर नसेल तर नोंदी मेमरीत राहतात, रीबूटला सगळं साफ, आणि मग ‘-बी -1’ही कामाचं नाही. डेबियन या लिनक्सच्या 12व्या आवृत्तीपासून आरसिसलॉग आपोआप बसत नाही, त्यामुळे तिथे साधी सिसलॉग फाइल शोधत बसू नका. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग (कोणी काय मागितलं त्याची नोंद) मात्र सहसा स्वतःच्या फायलीतच असतो. म्हणजे ग्रेप शिकणं काही टळत नाही!

एक-दोन सर्व्हर असतील तर मी जर्नलच घेईन. पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाउस आणि अंबडला ऑफिस असा पसारा असेल, तर जोडीला आरसिसलॉग बसवून सगळ्या नोंदी टीसीपीने (पोच घेऊन पाठवण्याच्या पद्धतीने) एका यंत्रावर पाठवाव्यात. पोच न घेणाऱ्या नुसत्या यूडीपीवर ओळी गळतात आणि कळतही नाही.