पॉलिमर क्ले: चोवीस रंगांचा डबा आणि फिमोचे सहा ठोकळे, दोन्ही वापरून झाले

गोव्यात फोंड्याला राहते, दीड वर्ष झालं घरी पॉलिमर क्लेची कानातली आणि पेंडंट बनवतेय. मैत्रिणी सारख्या विचारतात कुठली क्ले घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, लांबेल पण वाचा, माझे पैसे जिथे गेले तिथे तुमचे जायला नकोत.

आधी एक सांगते, मी सुरुवातीला हवेत सुकणारी क्ले आणलेली. आपल्याकडचा जुलै म्हणजे कपाटातल्या चपलांनापण बुरशी येते, त्यात ती माती काय सुकणार, चार दिवसांनी मण्यांवर काळे ठिपके. पॉलिमर क्लेचं तसं नाही, ती मुळात माती नाहीच, पीव्हीसीची बारीक पूड, ती मऊ ठेवणारं द्रव्य आणि रंग, एवढंच. हवेत ती सुकत नाही, ओव्हनमध्ये तापली की कण एकमेकांत विरघळून एकजीव होतात. म्हणजे बाहेर कितीही पाऊस असूदे, आपलं काम चालू. गोव्यासाठी हीच क्ले, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही.

तर पहिला घेतला ऑनलाईन मिळतो तो चोवीस रंगांचा डबा, त्यावर धड नाव नाही, भाजायचं तापमान नाही. सोबत प्लॅस्टिकची टूल्स, हुक, रिंगा, सगळं एकात, किंमत बघून मला फार बरं वाटलेलं. पण कांड्या करंगळीएवढ्या! एक जोडी झुमके केले की रंग संपला आणि तोच रंग सुटा मिळत नाही. काही कांड्या लोण्यासारख्या, काही नुसता भुगा. हुक तर पहिल्याच पावसाळ्यात हिरवे पडले आणि बहिणीच्या कानाला खाज सुटली ती वेगळी. हुक स्टीलचेच घ्या, स्टेनलेस स्टील लिहिलेलं बघून, त्यात काटकसर करू नका.

त्या डब्यातून मी पिवळ्या शेवंतीच्या कुड्या केलेल्या, नणंदेच्या हळदीला घातल्या आणि पदर अडकून दोन पाकळ्या तुटल्या. उचलून बघितलं तर आत खडूसारखं भुसभुशीत. मी म्हटलं क्लेच वाईट.

मग फिमो सॉफ्ट मागवली. ही स्टेडलरची, शाळेत भूमितीच्या पेपरला आपण ज्यांच्या पेन्सिली वापरायचो तेच जर्मनीवाले. ठोकळा ५७ ग्रॅमचा, त्यावर रेघा असतात म्हणजे रंग मिसळताना माप घेता येतं, एक भाग लाल तीन भाग पिवळा असं. पाकिटावर स्पष्ट लिहिलंय, ११० डिग्री, अर्धा तास. मी तसंच केलं, आणि खरं सांगते, पहिली जोडी तीपण तुटली.

तेव्हा कुठे डोक्यात आलं की गडबड ओव्हनमध्ये असेल. ओव्हनच्या आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, काटेवाला, तो आणून ठेवला तर आमच्या ओटीजीचं बटण ११० वर आणि काटा ९० च्या आसपास, मग कॉईल लाल झाली की थेट १४०, परत खाली. म्हणजे वरून करपायच्या बेतात आणि आत कच्चं. पांढरी क्ले तपकिरी का पडायची तेही तेव्हाच कळलं. आता मी आधी वीस मिनिटं ओव्हन तापवते, खाली भिंतीला लावतो तसली एक टाईल ठेवते, ती उष्णता धरून राहते, आणि दागिन्यांवर अॅल्युमिनियम फॉईलचा तंबू. काटा स्थिर झाला की मगच आत. अर्धा तास लिहिलेला असला तरी जाड मण्यांना मी पाऊण तास देते, तापमान बरोबर असेल तर जास्त वेळाने काही बिघडत नाही, जास्त तापमानाने मात्र बिघडतं. फिमो १३० च्या वर न्यायची नाही, जळली तर पीव्हीसीचा धूर वाईट असतो, खिडक्या उघड्या ठेवा आणि त्याच वेळी आत केक ठेवू नका. मधेच लाईट गेली तर घाबरू नका, आली की परत भाजा, ही क्ले दोनदा तीनदा भाजली तरी चालते. भाजून झाल्यावर एक पातळ पट्टी वाकवून बघायची, नीट भाजलेली पट्टी वाकते, कच्ची कट्कन तुटते. मी प्रत्येक घाण्यात अशी एक पट्टी ठेवतेच.

त्या जुन्या डब्यातलं उरलेलंही मी नंतर असंच नीट भाजून बघितलं, आधीपेक्षा बरं झालं पण फिमोची पट्टी नखासारखी वाकते आणि त्या डब्यातल्या क्लेची मोडते. म्हणजे फरक आहे, फक्त मी समजत होते तेवढा सगळा क्लेचा दोष नव्हता.

आता रंग. चोवीस रंग लागत नाहीत हो! पांढरा, काळा, पिवळा, लाल, निळा आणि एक पारदर्शक, सहा ठोकळे बस. माझी सगळ्यात आवडती जोडी अबोलीची आहे. सासूबाई म्हार्दोळला देवळात गेल्या की येताना अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, आणतात, त्यातलं एक फूल मी टाईलवर ठेवलं आणि रंग जुळवत बसले. नुसता केशरी केला तर झेंडू वाटतो. पिवळ्यात थोडा लाल, मग पांढरा, आणि शेवटी तांदळाच्या दाण्याएवढा निळा, तेव्हा ती अबोलीची थोडी फिकट, थोडी दुधाळ छटा आली. पाकळ्या एका बाजूला पंख्यासारख्या उघडतात ना, त्या सुईने एकेक दाबल्या. सासूबाईंनी हातात घेऊन वास घ्यायला नाकाजवळ नेली, मला त्या दिवशी इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

पणजीला फोंतायन्हास भागात घरांवर निळ्या-पांढऱ्या टाईल्सच्या पाट्या असतात, आझुलेजो, तसले चौकोनी टॉप्सपण करते, आणि कुणबी साडीवर जातील असे लाल चौकड्यांचे. पांढऱ्यावर मात्र धूळ, केस, कपड्याचे तंतू सगळं चिकटतं, म्हणून पांढरा आधी लाटायचा, हात पुसून, मग बाकीचे रंग. घरचं पोळपाट-लाटणं यासाठी घेऊ नका, एकदा क्लेला लागलं की ते क्लेचंच.

एप्रिल-मे मध्ये आपल्या उकाड्यात क्ले हातात चिकट होते आणि कडा बसतात. दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग कापा. उरलेली क्ले कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत ठेवू नका, काही प्लॅस्टिक तिच्यामुळे विरघळतं, माझी मण्यांची डबी तळाला चिकटून बसली. बटर पेपरमध्ये गुंडाळून झिपवाल्या पिशवीत ठेवते, महिनोन्‌महिने राहते.

किंमत विचाराल तर हो, फिमोचा एक ठोकळा महाग वाटतो, पण टॉप्सच्या कितीतरी जोड्या होतात आणि लोक परत येऊन मागतात. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मी माटोळीतल्या (गणपतीच्या वर फळं बांधतात ती) सुपारीच्या घडासारखे लटकणारे झुमके केले, वहिनीने आरतीला घातले आणि शेजारच्या तिघींनी तिथेच ऑर्डर दिली, दीड वर्षात पहिल्यांदाच मला वाटलं की हे मी नीट शिकलेय.

नवीन कोणी सुरू करत असेल तर आधी थर्मामीटर घ्या, मग क्ले. आणि पांढऱ्याचे दोन ठोकळे मागवा, तो सगळ्यात आधी संपतो.